शेवटच्या तासानंतरची शाळा

(बेटेगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. उर्दू शाळेत विज्ञान प्रदर्शन असलं की परीक्षक म्हणून ते आवर्जून जायचे आणि परत आल्यावर तिथल्या मुलांनी काय काय मांडलं होतं ते आपल्या वर्गाला सांगायचे. म्हणूनच आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी दुसरा विचार केला नाही. मुस्लिम माध्यमिक शाळेतलं विद्यार्थ्यांचं जगणं, त्यांचे उपक्रम, त्यांच्या स्पर्धा, त्यांचं मैदान यांबद्दल मी बोलणार आहे.

निकालाच्या टक्केवारीबद्दल फारसं बोलणार नाही. तिची चर्चा वर्षभर होतच असते. मला सांगायचं आहे ते एवढंच की आठवीनंतर मूल शाळेत टिकतं ते फळ्यावर लिहिलेल्या धड्यापेक्षा शेवटच्या तासानंतर शाळेत जे घडतं त्याच्या ओढीनं. आणि ही शेवटच्या तासानंतरची शाळा एकटी संस्था चालवू शकत नाही, तिला गाव लागतं.

सुरुवातीला एक गैरसमज बाजूला करू. मुस्लिम मुलं म्हटलं की बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर मदरसा येतो. न्यायमूर्ती सच्चर समितीनं 2006 च्या अहवालात हे तपासलं. शाळेत जायच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुलं साधारण तीन टक्के निघाली. बाकीची तुमच्याआमच्या मुलांसारखी शाळेत जातात, किंवा कुठेच जात नाहीत. खरं दुखणं या 'कुठेच जात नाहीत'मध्ये आहे. त्याच अहवालानं सांगितलं की 6 ते 14 वयोगटातली चौथा हिस्सा मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच गळाली होती. महाराष्ट्राचं चित्र आणखी विचार करायला लावणारं आहे. 2001 च्या जनगणनेत राज्यातल्या मुस्लिमांची साक्षरता 78 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित जास्तच होती. म्हणजे आमची माणसं मुलांना शाळेत घालतात. अक्षरओळख होते, पाचवी-सातवी होते. पुढे मात्र वर्ग रिकामे होत जातात आणि पदवीपर्यंत पोचणारे फार थोडे उरतात. गळती दारात होत नाही, ती जिन्यावर होते. सातवीतून आठवीत, आठवीतून नववीत जाताना.

शाळा काढण्याचा आपला इतिहास काही लहान नाही. मुंबईत 1874 साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांतले मोठे व्यापारी नाखुदा महंमद अली रोगे आणि गुलाम महंमद मुन्शी ही मंडळी तिच्या मुळाशी होती. 1880 मध्ये शाळा सुरू झाली आणि 1893 मध्ये बोरीबंदरसमोरची ती देखणी इमारत उभी राहिली. बद्रुद्दीन तय्यबजी 1887 साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते. 1897 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन देणारे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेच. ही गोष्ट मराठी माणसाला माहीत असते. पण त्याच माणसानं मुलांच्या शाळेसाठी आयुष्य वेचलं, आपल्या मुलींना त्या काळात शिकवलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. संस्थेच्या मुलींच्या शाळेला 1936 उजाडलं. म्हणजे मुलांच्या शाळेनंतर मुलींच्या शाळेपर्यंत यायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला. हे मी अभिमानानं नाही, खेदानं सांगतो.

त्याहून आधीचं पुणं आठवा. सावित्रीबाईंनी माहेरी, नायगावला आजारी असताना 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत फातिमाला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. एवढ्याशा उल्लेखातून फातिमा शेखची ओळख आपल्यापर्यंत आली आहे. तिच्याबद्दल पुढे पुष्कळ लिहिलं गेलं, त्यातलं किती कागदावर टिकेल हे अभ्यासक ठरवतील. मला तो उल्लेखच पुरेसा वाटतो. शाळा चालवणारी एक बाई आजारी पडते तेव्हा दुसरी बाई भार उचलते आणि कुरकुर करत नाही.

आता आजच्या शाळेत येऊ. उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेतला मुलगा रोज तीन लिप्या हाताळतो. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठीची देवनागरी आणि इंग्रजीची रोमन डावीकडून उजवीकडे. गणिताच्या वहीत तर वाक्य उजवीकडून येतं आणि समीकरण डावीकडून. पुस्तकं बालभारतीचीच, परीक्षा राज्य मंडळाचीच. परिपाठाला राष्ट्रगीत आणि 2023 पासून राजा बढे यांचं राज्यगीत; अनेक शाळांत इक्बाल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लहान मुलांसाठी लिहिलेली प्रार्थनाही असते. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजासाठी वेळापत्रक जरा हलतं. रमजानमध्ये शाळा सकाळची होते. 2025 मध्ये रमजान मार्चच्या सुरुवातीला आला आणि दहावीचे पेपर चालू होते. पहाटे सहरी करून, पाण्याचा घोट न घेता अकराच्या पेपराला बसणारी मुलं तेव्हा आपल्या जिल्ह्यातही होती. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, त्यामुळे पुढची काही वर्षंही बोर्डाच्या परीक्षा आणि रोजे यांची गाठ पडत राहील. शेजारच्या मराठी शाळेतल्या शिक्षकांना परीक्षा केंद्रावर हे माहीत असलं तरी पुष्कळ होतं.

उपक्रमांत मला सगळ्यात प्रिय आहे तो बैतबाजीचा सामना. आपल्या भेंड्यांचाच हा भाऊबंद. फरक इतका की इथे गाणी चालत नाहीत, शेर लागतो, आणि तो बिनचूक लागतो. समोरच्या संघानं म्हटलेला शेर ज्या अक्षरावर संपतो त्या अक्षरानं सुरू होणारा शेर ठरलेल्या वेळात म्हणायचा. एकदा म्हटलेला शेर पुन्हा चालत नाही. एक शब्द इकडचा तिकडे झाला, ओळीचं वजन बिघडलं, की परीक्षक शेर बाद करतात.

पालघर जिल्ह्यातल्याच एका शाळेत मी ही तयारी जवळून पाहिली आहे. शाळा सुटली होती, वर्गातले बाक भिंतीला लावले होते, आणि नववीतली एक मुलगी दोनशे पानी वही घेऊन बसली होती. वहीला तिनं अक्षरवार खुणा केल्या होत्या. अलिफ, बे, पे अशी पानं उघडत मी चाळत गेलो. काही अक्षरांना चार-पाच शेर, काहींना जेमतेम दोन. पण 'ये' या अक्षराला तिनं तेवीस पानं दिली होती आणि तीही भरत आली होती. कारण तिनंच समजावून सांगितलं. उर्दू गझलेत असंख्य शेर 'है'वर संपतात आणि त्याचं शेवटचं अक्षर लिहिण्यात 'ये' येतं. म्हणजे समोरचा संघ पुन्हा पुन्हा तुम्हाला 'ये'वरच आणून सोडणार. ज्याच्याकडे 'ये'चा साठा मोठा तो सामना जिंकणार. 'ड़े' या अक्षरानं तर उर्दूत शब्दच सुरू होत नाही, तेव्हा शेर त्या अक्षरावर संपला तर काय करायचं हे दोन्ही संघ आधीच ठरवून घेतात. मी तिला विचारलं, एवढे शेर कुठून आणतेस? म्हणाली, "मीर, गालिब, इक्बाल, हे सरांच्या पुस्तकातून. बाकीचे अब्बू कारखान्यातून आणतात. त्यांच्या खात्यात एक चाचा आहेत, त्यांना खूप पाठ आहेत."

मित्रहो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. वडील तारापूर एमआयडीसीत पाळीवर जातात, जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्याकडून शेर घेतात, कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवतात आणि रात्री मुलीच्या हातात देतात. ही मुलगी परीक्षेत चाळीस गुणांवर अडखळत होती, असं तिच्या वर्गशिक्षिकांनी सांगितलं. पण ती एकही दिवस गैरहजर राहत नव्हती. बैतबाजीच्या संघातून नाव कमी होईल म्हणून. शाळेत टिकणं म्हणतात ते हे.

दुसरी गोष्ट खुशखतीची, म्हणजे सुलेखनाची. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातात बोरू होता, तोच बोरू इथे अजून चालतो. नस्तालीक शैली शिकवताना गुरुजी पट्टी वापरत नाहीत. बोरूच्या कापलेल्या टोकानं चौकोनी ठिपका उमटतो, आणि अक्षर किती लांब, किती खोल, हे त्या ठिपक्यांनीच मोजतात. अलिफ किती ठिपक्यांचा, बे किती ठिपके आडवा. बोरू जाड घेतला तर ठिपका मोठा, अक्षरही त्याच प्रमाणात मोठं. मुलं हे तासन्‌तास करतात आणि त्यांची चित्रकलाही त्यातून सुधारते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात. खुशखतीत हात बसलेल्या किती मुलांना या परीक्षांना बसवलं जातं? मी विचारतो तेव्हा शाळांकडे उत्तर नसतं. कलाशिक्षकाचं पदच रिकामं असतं.

बाकी वर्षभराचा क्रम आपल्या शाळांसारखाच. 15 ऑगस्टच्या कवायती, शिक्षक दिन, मौलाना आझाद यांच्या जयंतीला 11 नोव्हेंबरचा राष्ट्रीय शिक्षण दिन, 26 जानेवारी, वक्तृत्वाच्या म्हणजे तकरीरीच्या स्पर्धा, नात म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं म्हणण्याच्या स्पर्धा, पैगंबरांच्या चरित्रावरची प्रश्नमंजूषा, स्काउट-गाईड, स्नेहसंमेलन. ज्यांना वाटतं की मुस्लिम शाळेत फक्त धर्म शिकवतात, त्यांनी एखाद्या विज्ञान प्रदर्शनाला जाऊन यावं.

मैदानाबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. अंजुमनच्या शाळेनं भारताला वसीम जाफर दिला. वडील बेस्टमध्ये बसचालक, राहणं वांद्र्याला. पंधराव्या वर्षी शालेय सामन्यात त्यानं नाबाद चारशे धावा काढल्या आणि पुढे रणजी करंडकात सर्वाधिक धावांचा विक्रम केला. अलीकडचा क्रिकेटपटू मुशीर खानही अंजुमनचाच. बसचालकाच्या मुलाला हे जमलं, कारण त्याच्या शाळेकडे संघ होता, प्रशिक्षक होता, हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्डसारख्या स्पर्धा होत्या आणि मुंबईकडे मैदानं होती. आपल्याकडे काय आहे? तारापूरचं अणुऊर्जा केंद्र 1969 पासून चालू आहे, शेकडो कारखाने आहेत, चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरची रांग असते, बुलेट ट्रेनचं बोईसर स्थानक आपल्या परिसरात उभं राहतंय. आणि शाळेतली मुलं क्रिकेट खेळतात ती एखाद्या मोकळ्या प्लॉटवर, तिथे कुंपण पडेपर्यंत.

आणि मुली? मुलींचा खेळाचा तास बऱ्याच शाळांत कागदावर असतो. संस्थाचालक म्हणतात पालकांना चालत नाही, पालक म्हणतात शाळेत सोय नाही. दोघांचंही अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते बदलत नाही. मी ज्या थोड्या शाळांत मुलींचा खो-खोचा संघ बघितला तिथे एक शिक्षिका हट्टानं उभी होती. भिंतीच्या आडोशाचं मैदान, स्वच्छ प्रसाधनगृह आणि स्पर्धेला जायला एक गाडी, एवढं तिनं मिळवलं होतं. ओढणी डोक्यावर घट्ट बांधून मुली खुंट मारून वळत होत्या आणि बाहेर त्यांचे बाप टाळ्या वाजवत होते. पालकांना चालत नाही म्हणणाऱ्यांनी ते बाप बघायला हवे होते.

बेटेगाव-बोईसरचा एक वेगळा प्रश्न आहे तो पाळ्यांचा आणि भाड्याच्या खोल्यांचा. इथे उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, मराठवाड्यातून आलेली कुटुंबं राहतात. ठेकेदार बदलला की बाप वापीला किंवा भिवंडीला जातो, पाठोपाठ मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला निघतो. असा दाखला घेऊन पुढच्या शाळेत न पोचणारी मुलं बरीच. 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा आपल्या मुलांना पालघर, विरार जवळ झालं. मुलांना झालं, मुलींना तितकंसं नाही. स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा, संध्याकाळची गर्दी आणि घरातली काळजी यांत नववीतली मुलगी घरी बसते. जी शाळा जवळ आहे आणि जिथे तिच्या नावाचं काहीतरी चालू आहे, संघ, हस्तलिखित, नाटक, तिथे घरचे तिला आणखी एक वर्ष पाठवतात. एक वर्ष मिळालं की दहावी होते.

संस्थाचालकांना दोन शब्द कडक बोलतो, ते रागावणार नाहीत. राज्यघटनेच्या कलम 30 नं अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. हा हक्क मुलांसाठी आहे. ग्रंथालयाला कुलूप, प्रयोगशाळेच्या बरण्यांवर धूळ आणि पीटीचा तास गणिताला दिलेला, असं असेल तर त्या कलमाचं नाव घेऊ नये. शंभर टक्के निकालाचा फलक लावण्यासाठी कच्च्या मुलांना नववीतच अडवणं हे तर पापच आहे.

शासनालाही सांगायचं आहे. उर्दू माध्यमात आरक्षित प्रवर्गाच्या जागांसाठी उमेदवार मिळत नाहीत आणि त्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आरक्षण राहिलंच पाहिजे. पण त्या मुलांपुढे आज शिक्षक नाही, त्यासाठी काय व्यवस्था आहे ते सांगा.

आणि मराठीबद्दल. काही जण मला विचारतात, ही मुलं सरळ मराठी शाळेत का जात नाहीत? पुष्कळ जातात. कोकणात, मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकलेले मुसलमान गावोगाव आहेत. संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि त्याच वर्षी सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. घरची भाषा उर्दू असेल तर उर्दूत शिकावं, त्यात काही वावगं नाही. पण उर्दू शाळेतलं मराठी कच्चं राहिलं तर मुलगा तहसील कचेरीत, बँकेत, पोलीस भरतीत अडतो. ते पक्कं होण्याचा मार्ग व्याकरणाच्या जादा तासातून जात नाही. तो मराठी मुलांबरोबर खेळण्यातून, भांडण्यातून, नाटक बसवण्यातून जातो. इकडून तिकडे जायला पूल बांधणारी माणसं आपल्याकडे होतीच. सेतुमाधवराव पगडींनी गालिब आणि इक्बाल मराठीत आणले, श्रीपाद जोशी आणि प्रा. गोरेकर यांनी उर्दू-मराठी शब्दकोश सिद्ध केला. त्यांनी केलं ते ग्रंथात राहिलं. आपल्या मुलांच्या वाट्याला ते वर्गात यायला हवं.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. येत्या 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, बोईसर-बेटेगाव परिसरातल्या मराठी आणि उर्दू शाळांनी एकत्र सामना ठेवावा. सकाळी मराठी कवितांच्या भेंड्या, त्यात उर्दू शाळांचे संघ उतरतील. दुपारी बैतबाजी, त्यात मराठी शाळांचे संघ. देवनागरीत लिहून शेर पाठ करायला काहीच हरकत नाही, मुलं महिन्याभरात पन्नास शेर सहज पाठ करतील. खो-खोचं मैदान एकच असू द्या. कारखानदारांनी वर्षातून चार वेळा बस द्यावी, मुली सुखरूप जातील आणि येतील. ज्यांच्याकडे हॉल आहे त्यांनी शनिवारी दुपारी तो उघडावा. ज्यांना चित्रकला, विज्ञान, पेटी, तबला, खो-खो, काहीही शिकवता येतं अशा निवृत्त मंडळींनी आठवड्याचे दोन तास द्यावेत, मग शाळा कुठल्या माध्यमाची आहे हे विचारू नये.

उपसरपंच आणि मुख्याध्यापक इथेच बसलेले आहेत, त्यांच्यासमोर बोलतो आहे. सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना त्यात आपलं नाव, काय देऊ शकता ते आणि कोणत्या वारी, एवढं लिहून जा. त्यातल्या नावांवरून जूनमधलं वेळापत्रक मांडायचं काम शिक्षकांनी अंगावर घेतलं आहे.